वातानुकूलन यंत्राची जाळी आणि पनवेलची हवा

पनवेलसारख्या खाडीकाठच्या गावी उन्हाळा हा जितका उष्म्याचा तितकाच ओलाव्याचाही ऋतू असतो, हे घाटावरून येथे बिऱ्हाड घेऊन आलेल्या माणसाला पहिल्याच वैशाखात उमगते. नागपूर-अमरावतीकडे पारा 43 अंशांवर चढला तरी हवा कोरडी असते, आणि म्हणून वाळ्याची ओली ताटी, अथवा तिचाच यांत्रिक वारस जो कूलर, तो त्या हवेचे तापमान पंधरा अंशांनी खाली आणू शकतो. पनवेलला मे महिन्याच्या दुपारी पारा 33 अंशांवर आणि आर्द्रता 65 टक्क्यांवर असली, तर त्याच कूलरमधून निघणारी हवा 28 अंशांच्या खाली सहसा जात नाही. शिवाय ती पाण्याने इतकी भारावलेली असते की अंगावरचा घाम वाळण्याची उरलीसुरली शक्यताही मावळते. कोकणपट्टीत कूलर रुजला नाही आणि भिंतीवरचे वातानुकूलन यंत्र, ज्याला आता आबालवृद्ध एसी म्हणतात, ते नव्या पनवेलपासून खारघरपर्यंतच्या मध्यमवर्गीय घरांतून एका पिढीच्या आत शिरले, याचे कारण केवळ वाढलेल्या ऐपतीत शोधून चालणार नाही. येथे हवा थंड करणे पुरत नाही, तिच्यातील पाणीही काढून घ्यावे लागते, आणि ही दोन्ही कामे एकत्र करणारे दुसरे यंत्र सामान्य गृहस्थाच्या घरात नसते.

पाणी काढून घेणे हेच तर या यंत्राचे मूळ प्रयोजन होते. 1902 सालच्या जुलै महिन्यात विलिस कॅरियर या पंचवीस वर्षांच्या अमेरिकन अभियंत्याने ज्या यंत्रणेचा आराखडा काढला, ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी होती. उन्हाळ्यातील दमट हवेने तेथील कागद फुगे, कोरड्या दिवशी तोच आखडे, आणि एकावर एक छापावयाचे रंग आपल्या जागेवरून सरकून चित्रे बिघडत. कॅरियरने ती हवा थंड नळ्यांच्या वेटोळ्यांवरून खेळविली, तेव्हा तिच्यातील वाफ नळ्यांवर दंवासारखी जमून खाली ठिबकली आणि कागद ताळ्यावर आला. माणसाच्या अंगाला गार वाटावे हा हेतू त्या आराखड्यात नव्हता. तो पुढे जोडला गेला. आपल्या शयनगृहात आज जी पांढरी पेटी भिंतीवर बसविलेली असते, ती त्याच तत्त्वावर चालते, आणि तिच्या स्वच्छतेचा सारा प्रश्न त्या एका ओलाव्यातून उद्भवतो.

दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि नऊ फूट उंच अशा मध्यम खोलीत सुमारे 30 घनमीटर हवा मावते. वर सांगितलेल्या मे महिन्यातील दुपारी एवढ्या हवेत 700 ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने दडलेले असते, आणि दारे-खिडक्यांच्या फटींतून नवी दमट हवा सारखी आत येत असल्यामुळे हा साठा कधी आटत नाही. दमट दिवशी एका टनाचे यंत्र तासाला लिटरभर पाणीही सहज गाळते; गॅलरीच्या कठड्याबाहेर लोंबणाऱ्या नळीतून ठिबकते ते हेच. मात्र नळीशी येण्यापूर्वी ते यंत्राच्या पोटातील कॉइलवर जमलेले असते. कॉइल म्हणजे तांब्याच्या नळ्यांवर घट्ट बसविलेल्या ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ पत्र्यांची एक चळत. पत्र्या-पत्र्यांतील अंतर दीड मिलिमीटरहून अधिक नसते. यंत्र चालू असेतोवर या सर्व पत्र्या ओल्या असतात, आणि ओल्या पत्रीवर धूळ पडली की तिचा चिखल होतो. कोरडी धूळ फुंकरीने उडते. हा चिखल दोन पत्र्यांच्या बेचक्यात एकदा वाळला, पुन्हा भिजला आणि पुन्हा वाळला, की तो हाताने काढता येत नाही. हे टाळावे म्हणून कॉइलच्या पुढ्यात, हवेच्या वाटेवर, प्लॅस्टिकच्या चौकटीत ताणलेली बारीक धाग्यांची जाळी बसविलेली असते. तिला फिल्टर म्हणतात, आणि या प्रकरणाचा विषय ती जाळीच आहे.

जाळीचे काम जुन्या जकातनाक्यासारखे असते: आत जाणाऱ्या मालापैकी ठळक तेवढा अडवावयाचा, आणि नाक्यावर गाड्यांचा तांडा तुंबला तर सारा व्यापार बंद पडतो हेही विसरावयाचे नाही. कापसाचे तंतू, केस, चादरींतून झडलेली वस्त्रधूळ, उदबत्तीच्या राखेचे कण, त्वचेचे गळालेले पापुद्रे आणि रस्त्यावरची माती हे सारे ती अडविते. पण ती हवा शुद्ध करते, अशी जी समजूत घरोघर दृढ झालेली आहे, तिचे निराकरण येथेच केले पाहिजे. माणसाच्या केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन असते, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी सत्तर; जाळीची छिद्रे त्याहून कितीतरी मोठी असतात. फुफ्फुसांच्या खोल कप्प्यांपर्यंत पोहोचणारे जे घातक कण, ते अडीच मायक्रॉन अथवा त्याहून लहान असतात, आणि ते या जाळीतून बिनदिक्कत पार होतात. काही कंपन्या मुख्य जाळीवर अतिसूक्ष्म कणांसाठी किंवा वासासाठी एखादी लहानशी पट्टी बसवितात. तिचा उपयोग तिच्या आकाराइतकाच मर्यादित. जाळी प्रथम यंत्राचे रक्षण करते आणि यंत्र स्वच्छ राहिल्यामुळे, त्याच्या मागोमाग, आपले. हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे जाळी का धुवावयाची आणि किती वेळा धुवावयाची, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सरळ मिळतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात आलेली नसते. भिंतीवरचे हे यंत्र सामान्यतः बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा वरून ओढून, गाळून, थंड करून पुन्हा खोलीत सोडते. पंखा बऱ्यापैकी वेगात असला तर एका टनाचे यंत्र मिनिटाला आठ-नऊ घनमीटर हवा फिरविते, म्हणजे चार मिनिटांच्या आत सबंध खोलीची हवा एकदा जाळीतून जाते, आणि आठ तासांच्या रात्रीत ती शंभराहून अधिक वेळा त्याच जाळीतून जाते. खोलीत जी काही धूळ आहे, ती आज ना उद्या जाळीवर येणारच. म्हणून जाळीवर काय साठले आहे हे पाहिले की त्या घराची, त्या रस्त्याची आणि त्या गावाचीही हकिगत वाचता येते.

पनवेलची हकिगत या बाबतीत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. 1852 साली ज्या गावाला नगरपालिका लाभली आणि बैलगाड्यांच्या चाकांच्या कारागिरीसाठी ज्याची एके काळी ख्याती होती, ते गाव आज अनेक महामार्गांच्या बेचक्यात सापडलेले आहे. मुंबईहून येणारा सायन-पनवेल मार्ग, कळंबोलीहून निघणारा पुण्याचा द्रुतगती मार्ग, पनवेलपासून थेट कन्याकुमारीपर्यंत गेलेला गोव्याचा महामार्ग आणि न्हावा-शेवा बंदराकडे रात्रंदिवस धावणारी कंटेनरची वाहतूक या सर्वांचा संगम येथे होतो. कळंबोलीचा लोखंडबाजार, तळोज्याची औद्योगिक वसाहत, आणि तालुक्यातील दगडखाणींवरचे खडीयंत्र यांची भर त्यात पडते. सिडकोची स्थापना 1970 साली झाली तेव्हापासून खाडीलगतच्या भातखाचरांवर भराव घालण्याचे काम या परिसरात चालू आहे, आणि गेल्या दशकात विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट करण्यात आली. 2016 साली महानगरपालिका झालेल्या या शहरात इमारतींचे काम चालू नाही अशी गल्ली शोधावी लागते. ज्या काळ्या पाषाणाने सह्याद्री घडला, त्याचेच पीठ होऊन ते येथे खिडकीच्या चौकटीवर येऊन बसते. विकासाची ही किंमत अटळ होती की नव्हती, हा वाद येथे काढण्याचे प्रयोजन नाही. मात्र महामार्गाच्या बाजूने खिडकी असलेल्या गृहस्थाने यंत्राच्या पुस्तिकेत जाळी धुण्यासाठी सांगितलेल्या मुदतीवर विसंबून राहू नये, एवढा निष्कर्ष त्यातून निश्चित निघतो.

खांदा वसाहतीतील, महामार्गाकडे तोंड असलेल्या एखाद्या घरातील जाळी एप्रिलच्या मध्यावर काढून पाहावी. महिनाभर हात न लागलेल्या त्या जाळीवर राखाडी रंगाचा एक सलग थर बसलेला असतो, इतका सलग की नखाने कोपरा उचलला तर घोंगडीच्या तुकड्यासारखा तो हातभर सोलून निघतो. त्यात कापसाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, आणि त्या गुंत्यातच बारीक वाळू अडकलेली असते. चिमटीत धरून चोळले असता ती करकर वाजते. स्वयंपाकघर दिवाणखान्याला लागून उघडे असेल तर थराचा रंग पिवळट आणि स्पर्श चिकट होतो, कारण फोडणीतून उडालेले तेल धुळीला डिंकासारखे धरून ठेवते. जाळी पाण्याखाली धरताच आधी करड्या आणि मग तपकिरी रंगाचे पाणी निघते, आणि ते बादलीत जमवून थोडा वेळ स्थिर ठेवले तर तळाशी काळसर गाळ बसतो. हाच गाळ कॉइलवर गेला असता.

थर जाड झाला म्हणजे यंत्रावर काय ओढवते, ते आता पाहू. पहिला परिणाम हवेच्या ओघावर होतो: पंखा तोच, आवाज तोच, किंबहुना थोडा वाढलेला, पण झरोक्याशी हात धरला तर वारा मंद. खोली थंड होण्यास वेळ लागतो, म्हणून घरातील कोणीतरी रिमोट उचलून 24 चे 20 आणि 20 चे 18 करते. (1 जानेवारी 2020 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या अशा यंत्रांवर कारखान्यातूनच 24 अंशांची योजना केलेली असते, ती विजेच्या बचतीसाठी; पण गुदमरलेल्या जाळीपुढे त्या तजविजीचा काही इलाज चालत नाही.) हवा थोडी जात असल्यामुळे कॉइलला पुरेशी उष्णता मिळत नाही, तिचे तापमान गोठणबिंदूच्या खाली घसरते, आणि जे पाणी ठिबकून जावयाचे ते तिच्यावरच बर्फ होऊन बसते. बर्फाने उरलीसुरली वाट बंद होते. बाहेरच्या पेटीतील कॉम्प्रेसर मात्र खोली थंड झाल्याची वार्ता न मिळाल्याने चालतच राहतो, आणि वेटोळ्यात पूर्ण वाफ न झालेला द्रव त्याच्यापर्यंत परतू लागला की त्या मौल्यवान अवयवाचे आयुष्य संपुष्टात येते. यंत्र बंद केल्यावर तो बर्फ वितळतो, आणि पन्हळीत न मावलेले पाणी भिंतीवरून ओघळून रंगाचे पोपडे काढते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज असा की तुंबलेल्या जाळीच्या जागी स्वच्छ जाळी आली तर यंत्राचा विजेचा खर्च 5 ते 15 टक्क्यांनी उतरू शकतो. ज्या घरात उन्हाळ्याच्या तीन महिन्यांचे वीजबिल कर्त्या माणसाच्या कपाळावर आठी उमटविते, त्या घरात ही रक्कम दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

जाळी धुण्यास कोणतेही कौशल्य लागत नाही. लागतो तो थोडा संयम. प्रथम रिमोटने यंत्र बंद करावे आणि त्यानंतर भिंतीवरील मुख्य बटण किंवा त्याचा एमसीबी खाली करावा, कारण रिमोटने यंत्र केवळ थांबते, त्याच्यातील विद्युत्प्रवाह तुटत नाही. आतला दंडगोल पंखा पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. चढण्यासाठी पक्के स्टूल घ्यावे. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभे राहून दोन्ही हात वर करणे वयस्क माणसांनी तरी कटाक्षाने टाळावे. पुढचे झाकण दोन्ही कडांना धरून वर उचलले की ते अडणीवर टेकून राहते, आणि आत बहुधा दोन जाळ्या शेजारी-शेजारी दिसतात. प्रत्येक जाळीच्या खालच्या कडेला एक जीभ असते. ती धरून जाळी किंचित वर दाबली असता आकडा सुटतो, आणि मग ती सावकाश खाली ओढून काढावी. येथे झटका देऊ नये, नाहीतर थराचा निम्मा भाग तेथेच कॉइलवर आणि धुणाऱ्याच्या डोळ्यांत पडतो. नाकातोंडावर रुमाल बांधणे प्रत्येकास हितकारक, आणि दम्याच्या माणसास तर अनिवार्य. किंबहुना त्याने हे काम घरातील दुसऱ्याकडे सोपवावे. जाळीमागची कॉइल उघडी पडलेली असते तेव्हा तिला बोट लावू नये. तिच्या पत्र्यांची धार हात कापते, आणि एकदा मुडपलेली पत्री आपला मार्ग कायमचा बंद करून बसते.

जाळी गॅलरीत किंवा मोरीत नेऊन आधी हलक्या हाताने झटकावी. मग नळाखाली धरताना धुळीची बाजू खाली आणि मागची बाजू वर ठेवावी, म्हणजे पाण्याची धार मागून येऊन थराला बाहेर लोटते. धुळीच्या बाजूनेच जोराची धार सोडली तर कण छिद्रांत अधिकच रुतून बसतात. ही एक गोष्ट सांभाळली की निम्म्याहून अधिक काम आपोआप होते. पाणी थंड किंवा कोमट चालेल, पण 40 अंशांहून गरम नसावे, कारण जाळीचे धागे आणि चौकट ही दोन्ही प्लॅस्टिकची असून उष्णतेने ती वाकतात. तेलकट जाळीसाठी भांड्यांच्या साबणाचे चार थेंब कोमट पाण्यात घालून त्यात ती थोडा वेळ बुडवून ठेवावी व जुन्या, मऊ झालेल्या दात घासण्याच्या ब्रशाने अलगद घासावी. फिनेल, थिनर, पेट्रोल, ब्लीचिंग पावडर यांपैकी कशाचाही विचार मनात आणू नये. जाळीवर वासासाठी किंवा सूक्ष्म कणांसाठी वेगळी पट्टी असेल तर ती आधी काढून ठेवावी. अशा पट्ट्यांपैकी काही पाण्याने निकामी होतात आणि मुदत संपली की बदलावयाच्या असतात, याचा खुलासा यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत असतो.

वाळविणे हा या कामातील सर्वांत उपेक्षित भाग आहे, आणि कोकणात तोच सर्वांत महत्त्वाचा. भर उन्हात टाकलेली जाळी लवकर वाळते खरी, पण तिची चौकट पिळवटते आणि मग ती खाचेत नीट बसत नाही. कडेला राहिलेल्या बोटभर फटीतून पुष्कळशी धूळ थेट आत जाऊ लागते, आणि जाळी असूनही नसल्यासारखी होते. सावलीत, वारा लागेल अशा जागी, उभी टेकवून ती वाळवावी. पावसाळ्यात छताच्या पंख्याखाली ठेवूनही तिला काही तास लागतात, तरी पूर्ण सुकल्यावाचून ती परत बसवू नये. ओल्या जाळीला कुबट वास धरतो आणि तो रात्रभर खोलीत फिरतो. जाळी वाळेपर्यंत, तेवढ्यात काय होते म्हणून, तिच्यावाचून यंत्र चालविण्याचा मोहही आवरावा. काही यंत्रांवर जाळी धुण्याची आठवण देणारा दिवा असतो. बहुधा तो चाललेल्या तासांचा हिशेब ठेवून लागतो, जाळी किती मळली हे त्याला दिसत नसते. पुस्तिकेत साधारणपणे दोन आठवड्यांची मुदत दिलेली आढळते. कर्नाळ्याच्या बाजूच्या झाडीतील घराला ती पुरेशी आहे. महामार्गालगतच्या, किंवा शेजारी इमारतीचा पाया खणला जात असलेल्या घराने मार्च ते जून या काळात आठवड्याचा शिरस्ता ठेवावा. दर रविवारी सकाळी जाळी निघाली तर थर बसतच नाही, आणि ब्रशाचीही गरज पडत नाही.

येथे गृहस्थाच्या अधिकाराची सीमा संपते, आणि मेकॅनिकची सुरू होते. कॉइल, दंडगोल पंखा व पाण्याची पन्हळ यांची दाबाच्या पाण्याने धुलाई, जिला सर्व्हिसिंग म्हणतात, ती या भागात वर्षातून किमान एकदा आणि यंत्र बाराही महिने चालत असेल तर दोनदा करवून घ्यावी. ती घरच्या घरी करू नये, कारण पेटीच्या एका अंगाला विद्युत्फलक असतो आणि त्यावर उडालेले पाणी यंत्राचा घात करते. बाहेरच्या पेटीला तर हातच लावू नये. तेथे वीज बंद केल्यावरही काही काळ विद्युत्भार धरून ठेवणारे भाग असतात, आणि ती पेटी बहुधा अशा उंचीवर टांगलेली असते की तेथे पोहोचणे हेच मुळी जिवावरचे काम आहे.

मेकॅनिकशी बोलताना गृहस्थाला एक ज्ञान अवश्य असावे. थंडावा कमी झाला की ‘गॅस संपला’ हे निदान सर्वांच्या ओठांवर तयार असते. वस्तुतः यंत्रातील हा वायू पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो, आणि कमी झालाच असेल तर कोठेतरी गळती आहे. गळती शोधून बुजविल्यावाचून नुसता गॅस भरणे म्हणजे तळाला भोक असलेल्या घागरीत पाणी ओतणे होय. त्यातही मौज अशी की गॅस कमी झाल्याची आणि जाळी तुंबल्याची काही लक्षणे सारखीच असतात: वारा गार लागत नाही आणि कॉइलवर बर्फ धरतो. म्हणून तक्रार नोंदविण्यापूर्वी जाळी धुऊन, बर्फ पूर्ण वितळू देऊन, यंत्र पुन्हा चालवून पाहावे. पुष्कळ वेळा दोष तेथेच निवळतो. न निवळल्यास मेकॅनिकला बोलवावे आणि गळती कोठे सापडली हे त्याला दाखवावयास सांगावे. नळ्यांच्या जोडाशी तेलाचा ओशट डाग दिसला तर ती जागा बहुधा तीच. नव्या यंत्रांत असणारा आर-32 हा वायू सौम्य ज्वलनशील, आणि काही यंत्रांतील आर-290 तर शुद्ध प्रोपेनच असल्यामुळे, ही दुरुस्ती त्या कामाचे शिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच झाली पाहिजे.

बाहेर लोंबणाऱ्या नळीकडे मात्र घरातील कोणीही लक्ष ठेवू शकतो. दमट दिवशी यंत्र तासभर चालूनही तिच्यातून एक थेंब पडत नसेल, तर पाणी आतल्या आत दुसरीकडे जात आहे असे समजावे. जाळीतून निसटलेली धूळ आणि तीवर वाढलेली शेवाळी मिळून नळीत बुळबुळीत बोळा तयार होतो, तो काढून घ्यावा लागतो. नळीचे टोक बादलीत सोडले असेल तर ते पाण्यात बुडू देऊ नये, कारण मग आतली हवा कोंडून प्रवाह अडतो. हे पाणी शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत असल्याच्या तक्रारी गृहनिर्माण संस्थांच्या दफ्तरी पुष्कळ सापडतील. ते बादलीत धरून फरशी पुसण्यास वापरावे. ते पिण्याजोगे नाही. दिसावयास निर्मळ असले तरी ते कॉइलवरची धूळ आणि जंतू घेऊनच उतरलेले असते.

या जंतूंच्या संदर्भात एक भीती अधूनमधून कानी येते, तिचाही उलगडा करणे उचित होईल. 1976 साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियासारख्या आजाराची साथ उद्भवली, आणि तिच्या मुळाशी असलेल्या जंतूला पुढे लिजिओनेला हे नाव मिळाले. हा जंतू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि तुषारांतून पसरतो. मोठ्या इमारतींच्या छपरावरील शीतक मनोऱ्यांत त्याला असे पाणी मिळते. घरातील भिंतीवरच्या यंत्रात पाणी साठवून त्याचे तुषार उडविले जात नाहीत, म्हणून त्या रोगाचा संबंध या पेटीशी लावण्याचे कारण नाही. घरगुती यंत्राचा खरा उपद्रव निराळा व अधिक साधा असतो: ओलसर धुळीवर धरणारी बुरशी. सकाळी उठताच शिंका, घशात खवखव, यंत्र सुरू करताच पहिली दोन मिनिटे येणारा ओल्या चपलांसारखा वास, ही तिची ओळख. लहान मुले आणि दमेकरी यांना तिचा त्रास आधी होतो. रोज सकाळी खिडक्या उघडून खोलीची हवा पालटणे, आणि यंत्र बंद करण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे केवळ पंख्यावर चालवून कॉइल वाळू देणे, हे दोन उपाय जाळी धुण्याच्या जोडीला ठेवले तर बुरशीला आधार उरत नाही.

पनवेलच्या ऋतुचक्राप्रमाणे या साऱ्याचे वेळापत्रक ठरविणे फारसे अवघड नाही. मिरगाचा पाऊस लागला की पुष्कळ घरांत यंत्र एकाएकी बंद होते, आणि मळलेली जाळी चार महिने त्या दमट अंधारात तशीच राहते. बुरशीला याहून अनुकूल परिस्थिती नाही. शेवटच्या दिवशी अर्धा तास पंख्यावर चालवून, जाळी धुऊन, खडखडीत वाळवून मगच ते बंद करावे. ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो तो नवरात्राच्या सुमारास, आणि खंडेनवमीला घरातील उपकरणे पुसून-सवरून पूजेला मांडण्याची रीत अजून बऱ्याच घरांत टिकून आहे. त्या दिवशी जाळी धुतली तर तिची आठवण निराळी ठेवावी लागत नाही. डिसेंबरपासून वारा कोरडा होतो, पाऊस नसतो, आणि वर्षातील सर्वाधिक धूळ या काळात हवेत असते, पण यंत्र बंद असल्यामुळे ती जाळीवर न येता पेटीच्या माथ्यावर, जेथून यंत्र हवा ओढते त्या झरोक्यांवर, निवांत साचत राहते. खालून पाहणाऱ्याला ती दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिल्यांदा यंत्र सुरू करण्यापूर्वी स्टुलावर चढून पेटीचा माथा ओलसर फडक्याने पुसून घ्यावा, आणि मगच जाळी धुवावयास काढावी. कारण जाळी आधी काढली तर माथा पुसताना निसटणारी धूळ अडविण्यास तेथे काहीच नसते, आणि ती सरळ कॉइलवर उतरते.